सायकलमागे किती अँगस्ट्रॉम, हा प्रश्न शेवटी विचारा

तुमचा प्रश्न एएलडीचा, म्हणजे वायूंचे आळीपाळीने डोस देऊन अॅल्युमिनियम ऑक्साइडचा (अॅल्युमिनाचा) अतिशय पातळ थर चढवण्याचा. तो आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकीचं समजले असेन तर पुढचं वाचण्यात तुमचा वेळ जायला नको. सिलिकॉनची वेफर म्हणजे पातळ चकती, ती ठेवायच्या स्टेजचं तापमान १०० अंश सेल्सिअस, टीएमए म्हणजे ट्रायमिथाइल अॅल्युमिनियम आणि सोबत ऑक्सिजनचा प्लाझ्मा. टीएमएचा डोस ६० मिलिसेकंद, मग ३ सेकंद पर्ज (उरलेला वायू बाहेर घालवणं), २ सेकंद प्लाझ्मा, पुन्हा २ सेकंद पर्ज. अशा १०० सायकल झाल्यावर एलिप्सोमीटर, म्हणजे प्रकाशाने थराची जाडी मोजणारा, मधोमध १९.६ नॅनोमीटर दाखवतो आणि वायू आत शिरतो त्या कडेला २१. म्हणजे सायकलमागे जवळजवळ २ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर), आणि तुम्ही वाचलेल्या शोधनिबंधांत मात्र दीडच्या आसपास. टीएमए निम्मा केला तरी आकडा हलत नाही. प्लाझ्मा ६ सेकंद केला तर थर उलट पातळ, १८.२. "जास्त प्लाझ्मा दिल्यावर ऑक्साइड जास्त व्हायला हवं ना? थर खाल्ला जातोय का? नेमका किती वेळ ठेवू?" असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता लिहिलंय की हाच थर पुढे रुंदीच्या २० पट खोल खाचांमध्ये आणि प्लास्टिकवर चढवायचा आहे.

थर खाल्ला जात नाहीये, ती भीती आधी काढून टाका. पदार्थ कोरला जायचा तर त्याचं बाष्प होऊन पंपाकडे निघून जाईल असं काहीतरी बनावं लागतं. अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर ऑक्सिजन ओतून असं काही बनत नाही. थर पातळ झाला कारण तो सुधारला. ते कसं, ते पुढे येईलच.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. दुसऱ्याच्या यंत्रातला आकडा तुम्ही आपल्या यंत्रातून काढायला बघताय. यात तुमचा फार दोष नाही, कारण एएलडीची ओळख आपल्याला तशीच करून दिली जाते. फिनलंडमध्ये तुओमो सुंतोला यांनी १९७४ च्या सुमाराला हे तंत्र उभं केलं, तेव्हा त्याचं मोठेपण हेच होतं की पृष्ठभाग भरला की अभिक्रिया आपोआप थांबते. वायू थोडा जास्त आला, थोडा उशिरा आला, काही बिघडत नाही. पाण्याच्या वाफेवर चालणाऱ्या साध्या एएलडीत हे बऱ्याच अंशी खरंही आहे. पण पाणी बाटलीतून येतं आणि सगळीकडे सारखंच असतं. प्लाझ्मा तुमच्या चेंबरमध्ये जन्मतो आणि तिथल्याच भिंतींवर मरतो. ऑक्सिजनचे किती सुटे अणू वेफरपर्यंत पोचतात हे शक्ती, दाब, अंतर, भिंतीवरचा जुना लेप या सगळ्यावर ठरतं. यंत्राला ज्या दाराने बाहेर काढलं होतं, त्याच दाराने प्लाझ्मा त्याला परत आत आणतो. म्हणून दुसऱ्याच्या रेसिपीतले "२ सेकंद" तुमच्याकडेही २ सेकंदच ठरतील असं धरून चालता येत नाही.

तुमचा प्लाझ्मा वर लांब कॉइलमध्ये पेटतो की वेफरच्या थेट डोक्यावर दोन पत्र्यांमध्ये, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दाबही नाही. त्यामुळे सेकंदांचा आकडा मी देणार नाही. तो कसा शोधायचा ते सांगते.

सुरुवात हिशोबापासून करू, कारण तुमच्या २ अँगस्ट्रॉममधला थोडा भाग तिथेच गळून पडतो. एकाच रनची जाडी घेऊन तिला १०० ने भागणं ही या धंद्यातली सर्वात जुनी चूक आहे. वेफरवर आधीच दीड ते दोन नॅनोमीटर नैसर्गिक ऑक्साइड बसलेलं असतं, आणि पहिल्या काही सायकलमध्ये प्लाझ्मा खालच्या सिलिकॉनला आणखी थोडं ऑक्सिडाइज करतो. एलिप्सोमीटरला इतक्या पातळ थरात सिलिकाचं १.४६ आणि अॅल्युमिनाचं १.६ हे दोन अपवर्तनांक वेगळे ओळखता येत नाहीत, तो सगळं एकत्र मोजून तुमच्या नावावर टाकतो. कोरी वेफर आधी मोजा. मग १००, २०० आणि ३०० सायकलचे तीन रन करा आणि जाडी आलेखावर मांडा. रेषेचा उतार हीच खरी वाढ. ती रेषा शून्य सायकलला जिथे अक्ष छेदते तो आकडा सुरुवातीच्या ऑक्साइडचा. माझा अंदाज, तुमचा उतार १.७ ते १.८ च्या मध्ये कुठेतरी निघेल. अजूनही जास्त आहे, पण आता आपण वाढीबद्दल बोलतोय, वेफरच्या इतिहासाबद्दल नाही.

त्याच वेळी अपवर्तनांकही लिहून ठेवा, आणि तो जाड थरावरच फिट करा, ३० नॅनोमीटरच्या पुढे. पातळ थरात जाडी आणि अपवर्तनांक एकमेकांची चूक झाकतात, फिट छान दिसतो आणि दोन्ही आकडे खोटे असतात. चांगला अॅल्युमिना २०० अंशांच्या वर ६३३ नॅनोमीटरला १.६४ च्या जवळ येतो. १०० अंशांना तो त्याहून थोडा खाली राहणार, तेवढं चालतं. १.५८ वगैरे दिसला तर थर पोकळ आहे, आत कार्बन आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) अडकलेत असं समजा.

दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात आवडते. रेसिपी जशीच्या तशी ठेवा, फक्त आरएफ, म्हणजे प्लाझ्मा पेटवणारी रेडिओ वारंवारतेची वीज, बंद करा. टीएमए येतो, पर्ज होतो, ऑक्सिजन वाहतो, पण प्लाझ्मा पेटत नाही. अशा १०० सायकल चालवा. सुट्या अणूंऐवजी नुसता ऑक्सिजन रेणू या तापमानाला पृष्ठभागावरच्या मिथाइल गटांचं (टीएमएतून आलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या गटांचं) काही बिघडवत नाही, त्यामुळे वेफरवर काहीही वाढायला नको. वाढलं, तर चेंबरमध्ये कुठून तरी पाणी येतंय. माझ्याकडे एकदा असाच सायकलमागे पाव अँगस्ट्रॉम जास्तीचा येत होता. महिनाभर मी टीएमएच्या व्हॉल्व्हवर संशय घेत होते, एक बदललाही. शेवटी आरएफ बंद ठेवून रन केला आणि वेफरवर नीट मोजता येईल इतका थर निघाला. झालं होतं असं की साफसफाईसाठी चेंबर उघडलं होतं आणि भिंती जेमतेम ६० अंशांवर होत्या. भिंतींनी हवेतलं पाणी पिऊन ठेवलं होतं आणि प्रत्येक सायकलला थोडं थोडं परत करत होत्या. भिंती तापवून रात्रभर पंप चालू ठेवला तेव्हा तो पाव अँगस्ट्रॉम गेला. व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष होता.

आता पर्ज. टीएमए निम्मा करूनही आकडा हलला नाही, याचा अर्थ डोस भरपूर आहे, पृष्ठभाग भरतोय. हे चांगलं. पण जास्तीचा टीएमए जातो कुठे? तो नळीच्या कोपऱ्यांत, व्हॉल्व्हच्या मागच्या बंद तोंडात, थंड भिंतींवर रेंगाळतो आणि प्लाझ्मा पेटला की चेंबरमधल्या वायूतच जळून वेफरवर बसतो. तो एएलडी नव्हे, सरळ सीव्हीडी, म्हणजे आपोआप न थांबता वायूतून चढत राहणारा थर. कडेला, तेही वायू शिरतो त्याच कडेला, जाडी वाढणं ही त्याची ठरलेली खूण. पण नुसत्या खुणेवर निकाल देऊ नका, कारण प्लाझ्मा एका बाजूला झुकलेला असला तरी असाच उतार दिसतो. दोघांना वेगळं करायचं तर टीएमएनंतरचा पर्ज ३ वरून ६ आणि मग १२ सेकंद करा, बाकी कशालाही हात लावू नका. मध्य आणि कड यांच्यातला फरक मिटत गेला तर दोष पर्जचा. तसाच राहिला तर प्लाझ्माकडे वळा. डोससुद्धा कमी करा, पृष्ठभाग भरायला लागतो त्याच्या दीडपट पुरे. टीएमएला खोलीच्या तापमानालाच भरपूर बाष्पदाब असतो, त्यामुळे आपण सगळेच त्याची उधळपट्टी करतो.

प्लाझ्मानंतरच्या पर्जचं गणित वेगळं आहे. सुटे ऑक्सिजन अणू आरएफ बंद होताच फार लवकर संपतात, त्यांच्यासाठी थांबायची गरज नसते. थांबायचं ते जळणातून निघालेल्या पाण्यासाठी आणि कार्बन डायऑक्साइडसाठी. दोन्ही पर्ज सारखे ठेवायची सवय कुठून आली देव जाणे. माझ्याकडे पहिला नेहमी दुसऱ्यापेक्षा लांब असतो.

आणि आता प्लाझ्मा. रेसिपीत तुम्ही २ सेकंद लिहिलेत, पण चेंबरमध्ये २ सेकंद प्लाझ्मा असतो का? खिडकीजवळ उभं राहून बघा. जनरेटरला हुकूम जातो, जनरेटरची शक्ती प्लाझ्मात नीट उतरवणाऱ्या मॅचिंग बॉक्समधल्या कपॅसिटरच्या मोटरी कुरकुरतात, परावर्तित शक्तीचा काटा उडतो आणि मग कुठे उजेड पडतो. हुकूम आणि उजेड यांच्यात पाव-अर्धा सेकंद सहज जातो. २ सेकंदांच्या पायरीत ही चौथाई चोरी झाली. ६ सेकंदांत तीच चोरी किरकोळ ठरते. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी काही सायकलमध्ये प्लाझ्मा पेटतच नाही, आणि सॉफ्टवेअर निमूटपणे पुढे जातं. खिडकीवर एक साधा फोटोडायोड लावा. तेवढंही नसेल तर मोबाइल टेकवून स्लो मोशनमध्ये वीस सायकल चित्रित करा आणि फ्रेम मोजा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा लाजच वाटली, कारण माझी "१ सेकंदाची" पायरी कधी ०.६ होती, कधी ०.८. उपाय सोपे आहेत. आरएफ लागण्याआधी ऑक्सिजनचा प्रवाह आणि दाब स्थिर व्हायला एखादा सेकंद द्या, आणि मॅचिंगचे कपॅसिटर प्लाझ्मा पेटल्यावर जिथे स्थिरावतात तिथेच आधीपासून बसवून ठेवा, प्रत्येक वेळी त्यांना शोधाशोध करू देऊ नका.

आता तुमचं कोडं, जास्त प्लाझ्मा आणि पातळ थर. टीएमएचा डोस संपल्यावर पृष्ठभाग मिथाइल गटांनी झाकलेला असतो. प्लाझ्मा पेटला की ते गट अक्षरशः जळतात आणि कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सुटतं. पहिल्या क्षणांत चेंबरमध्ये ऑक्सिजन अणूंबरोबर हे पाणीही असतं, आणि तेही पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल बसवतं. प्लाझ्मा इथेच तोडला तर पृष्ठभागावर हायड्रॉक्सिलची गर्दी राहते, थोडा कार्बन अर्धवट जळलेला राहतो. पुढच्या डोसला टीएमए जास्त चिकटतो, थर जाड होतो आणि भुसभुशीतही. प्लाझ्मा लांबवला की जळण पूर्ण होतं, पाणी निघून जातं, जास्तीचे हायड्रॉक्सिल कमी होतात, थर घट्ट बसतो. तुमचा १९.६ वरून १८.२ झालेला आकडा बहुतेक ही गोष्ट सांगतोय. तापमान वाढवलं तरी सायकलमागची वाढ कमी होते, तेही याच कारणाने, हायड्रॉक्सिल टिकत नाहीत. जाडी कमी झाली आणि अपवर्तनांक वाढला, तर माझं म्हणणं खरं. दोन्ही एकदम कमी झाले, तर मी चुकले आणि दुसरीकडे शोधावं लागेल.

जळण कधी संपतं हे बघायला स्पेक्ट्रोमीटरची फायबर खिडकीवर लावता आली तर फारच उत्तम. ऑक्सिजन अणूच्या ७७७ आणि ८४४ नॅनोमीटरच्या रेषा सतत दिसत राहतात. पायरीच्या सुरुवातीला मात्र त्यांच्या जोडीला ६५६ ला हायड्रोजनची लाल रेषा आणि ४८३, ५१९ च्या आसपास कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे उमटतात, आणि मग विझत जातात. ६५६ ची रेषा तळाला टेकली म्हणजे चेंबरभर जळण संपलं. मग त्याच वेळावर पायरी थांबवायची? नाही, कारण या उजेडात भिंतींचा वाटा मोठा असतो. वेफर म्हणजे सगळ्या पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा. भिंती लांब आणि थंड असतील तर वेफर त्यांच्या आधी उरकते, आणि वेफरवर खाचा असतील तर त्यांच्या तळाचं जळण इतक्या उजेडात दिसतच नाही.

तर सपाट वेफरसाठी प्लाझ्माचा वेळ मी असा ठरवते. १, २, ४, ८, १६ सेकंद असे पाच रन, प्रत्येकी २०० सायकल, पर्ज आधीच पुरेसा लांब करून ठेवलेला. जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही आडवे झाले की त्या वेळाच्या दीडपट. फक्त जाडीकडे बघणारे लवकर थांबतात, अपवर्तनांक त्यानंतरही थोडा चढत असतो. आणि हा क्रम उलटा करू नका. पर्जमधून सीव्हीडी गळत असताना प्लाझ्माचा आलेख काढला तर तो कधीच आडवा होत नाही, आणि माणूस प्लाझ्माची शक्ती वाढवत बसतो. म्हणजे आधी तीन जाड्यांची रेषा, मग आरएफ बंद रन, मग पर्ज, मग प्लाझ्मा. साधारण दोन दिवसांचं काम आहे. इतकं झाल्यावर सायकलमागे १.४ आले काय आणि १.५५ आले काय, मला फिकीर नसते.

शक्तीबद्दल एवढंच की ती वाढवण्याचा मोह आवरा. शक्ती वाढली की सुटे अणू वाढतात, पण आयनही वाढतात, आणि दाब कमी असेल तर ते जोरात आदळतात. दाब थोडा वाढवला की वाटेतल्या टकरींत त्यांची ऊर्जा उतरते. ऑक्सिजनचा प्लाझ्मा १३० नॅनोमीटरला अतिनील प्रकाशही टाकतो. त्या फोटॉनची ऊर्जा साडेनऊ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर दोष पाडायला भरपूर. सिलिकॉन पॅसिव्हेट करण्यासाठी, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचे दोष निष्क्रिय करण्यासाठी, थर हवा असेल तर रिऍक्टरमधून काढल्या काढल्या तो निराशाजनक दिसतो, आणि ४०० अंशांच्या आसपास अॅनील केला, म्हणजे तापवून ठेवला, की एकदम सुधारतो. तुमचं काम ते नसेल तर हे सोडून द्या.

खाचांकडे येते. रुंदीच्या २० पट खोली म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण सपाट वेफरवरचा वेळ तिथे चालणार नाही. सुटा ऑक्सिजन अणू खाचेत उतरताना भिंतीला शेकडो वेळा धडकतो, आणि प्रत्येक धडकेत दुसऱ्या अणूशी जुळून साधा ऑक्सिजन रेणू बनण्याची थोडी शक्यता असते. बनला की तो निरुपयोगी. सिलिका आणि अॅल्युमिनावर ही शक्यता फार कमी आहे, धातूंवर बरीच जास्त. त्यामुळे तुमच्या पदार्थाची निवड तुमच्या बाजूची आहे. तरीही केवळ वायू तळापर्यंत पोचवायचा हिशोब केला तरी खोली दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो, टीएमएलाही आणि प्लाझ्मालाही. आणि आयन सरळ खाली जातात, त्यामुळे खाचेच्या तळाला त्यांचा मार बसतो, बाजूच्या भिंतींना जवळजवळ नाही. नुसत्या जाडीच्या फोटोवर समाधान मानू नका. नमुना आडवा तोडा, सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात काही सेकंद बुडवा आणि पुन्हा बघा. तळ आणि बाजू सारख्या वेगाने झिजल्या तरच थर सगळीकडे सारखा.

प्लास्टिकचं मात्र खरंच परिस्थितीवर आहे, आणि तुमचं प्लास्टिक कोणतं ते मला माहीत नाही. दोन गोष्टी होतात. टीएमए बऱ्याच पॉलिमरमध्ये आत झिरपतो, त्यामुळे सुरुवातीला पृष्ठभागावर थर चढण्याऐवजी तो आतच मुरतो आणि पर्ज कितीही लांब केला तरी बाहेर येतच राहतो. दुसरं म्हणजे उघड्या प्लास्टिकवर ऑक्सिजनचा प्लाझ्मा म्हणजे सरळ जाळपोळ. झाकायला आलात त्यालाच आधी खरवडता. मी अशा कामात पहिल्या १५-२० सायकल प्लाझ्माशिवाय, पाण्याच्या वाफेवर करते. १०० अंशांना पाणी भिंतींना चिकटून बसतं, पर्ज ३०-४० सेकंदांपर्यंत न्यावा लागतो, कंटाळा येतो, पण वीसच सायकल आहेत. एक पातळ झाकण तयार झालं की मग प्लाझ्मा. आणि खरं सांगायचं तर वस्तू २०० अंश सोसत असेल, सपाट असेल, तर प्लाझ्माच्या भानगडीत पडूच नका. पाणी आणि टीएमए हे जोडपं इतकं सरळ आहे की त्याच्यावर रागावायला कारणच सापडत नाही.

प्लास्टिकबरोबर चेंबरमध्ये सिलिकॉनचा एक तुकडा जरूर ठेवा, पण त्याच्यावर मोजलेली जाडी प्लास्टिकच्या नावावर लिहू नका. तो तुकडा फक्त एवढंच सांगतो की त्या दिवशी प्लाझ्मा पेटला होता आणि टीएमएची बाटली रिकामी नव्हती.